जुन्या दाराचा रंग आणि घरमालकाची जबाबदारी

खोली बघायला गेल्यावर आपण काय काय विचारतो? भाडं किती, डिपॉझिट किती, नळाला पाणी किती दिवसाआड येतं, बोअर चालू आहे का, लाइट बिल वेगळं की भाड्यातच? दाराला कोणता रंग आहे आणि त्या रंगाखाली किती जुने थर आहेत, हे मात्र कोणी विचारत नाही. हे विचारायचं असतं, हेच आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

अमेरिकेत १९७८ च्या आधी बांधलेलं घर भाड्याने देताना मालकाला हीच माहिती कागदावर लिहून द्यावी लागते. तिकडे एम. एस. करायला गेलेल्या आपल्या सीनियर्सपैकी जुन्या घरात राहणाऱ्यांनी अशा कागदावर सही केलेली असेल. हा कागद कशासाठी असतो, आपल्याकडे तसा नियम आहे का, आणि नसेल तर बीड, अंबाजोगाई, परळीसारख्या गावात चार खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकाने नक्की काय करायचं, हे या लेखात बघू.

शिसं रंगात कशाला?

रंगात शिसं कोणी चुकून घातलं नाही. ते कामाचं होतं म्हणून घातलं. पांढऱ्या शिशाला आपल्याकडे सफेता म्हणत. तो तेलात खलला की भक्कम, झाकणारा पांढरा रंग तयार होई. लाल शिसं म्हणजे जुन्या बाजारातला शेंदूर. लोखंडाला गंज चढू नये म्हणून त्याचा प्रायमर वापरला जाई. लेड क्रोमेटपासून झगझगीत पिवळा आणि नारिंगी रंग मिळतो आणि त्यात निळा मिसळला की हिरवा. शिवाय ऑइलपेंट लवकर वाळावा म्हणून त्यात घालतात त्या ड्रायरमध्येही शिशाची संयुगं असत.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. धोका मुख्यतः ऑइलपेंटमध्ये आहे. भिंतीचा चुना, साधं डिस्टेंपर किंवा पाण्यात कालवायचा प्लास्टिक पेंट यांची भीती फार कमी. म्हणजे आपल्या खोलीत बघायचं ते दार, चौकट, खिडकी, गज, ग्रिल, जिन्याचा कठडा, लोखंडी कॉट आणि गेट. पिवळा, नारिंगी, हिरवा आणि लाल रंग असेल तर संशय जास्त.

इथे मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांसाठी एक खुलासा. ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचं ऑक्साइड. तो रेड लेड नव्हे. दोन्ही दिसायला जवळपास सारखे, पण एकात लोखंड आहे आणि दुसऱ्यात शिसं. दुकानात नाव नीट वाचून घ्या.

धोका कोणाला?

दाराला घट्ट चिकटून बसलेला जुना रंग तसा कोणाला काही करत नाही. त्रास सुरू होतो तो पोपडे सुटल्यावर, खिडकी चौकटीला घासून भुकटी पडायला लागल्यावर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे रंगारी खरवडायला बसल्यावर. ती धूळ डोळ्यांना दिसतही नाही.

आपण वीस-बावीस वर्षांची पोरं. आपल्या पोटात शिसं गेलं तर त्यातलं साधारण दहा टक्के अंगात मुरतं. लहान मुलाच्या पोटात गेलं तर निम्म्यापर्यंत मुरू शकतं. त्यात ते मूल रांगतं, जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं आणखी जास्त शोषलं जातं. ज्या भागात मुलांचं रक्त कमी असणं ही घरोघरची गोष्ट आहे, तिथे हा मुद्दा बाजूला सारता येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. तिथली लोखंडी दारं-खिडक्याही ऑइलपेंटनेच रंगवलेली असतात.

शिसं मेंदूवर परिणाम करतं. बुद्धी, लक्ष, शिकण्याची ताकद कमी होते आणि गेलेलं परत येत नाही. बहुतेक वेळा बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही. प्रमाण फार वाढलं तर पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, झटके असे प्रकार होतात. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं, पण हाडात साठलेलं वर्षानुवर्षं राहतं आणि गरोदरपणात ते आईकडून बाळाकडे जाऊ शकतं. शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना आज म्हणत नाही.

म्हणून या विषयात खरा धोका वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्याला कमी आहे. तो आहे खाली अंगणात खेळणाऱ्या मालकांच्या नातवाला, मेसवाल्या मावशींच्या लेकराला, गरोदर बाईला, आणि रोज तीच धूळ नाकातोंडात घेणाऱ्या रंगाऱ्याला. मालक जबाबदारी घेतात ती भाडेकरूवर उपकार म्हणून नव्हे. बऱ्याचदा ते मूल त्यांच्याच घरातलं असतं.

एक छोटं गणित

इंजिनिअरिंगचं मासिक आहे, तेव्हा आकडेमोड हवीच. दार दोन मीटर उंच, एक मीटर रुंद. दोन्ही बाजू मिळून ४ चौरस मीटर. ऑइलपेंटचा एक हात वाळल्यावर साधारण ३५ मायक्रॉन जाड आणि घनता दीडच्या आसपास धरली, तर एका चौरस मीटरवर सुमारे ५० ग्रॅम रंग बसतो. वर्षानुवर्षांचे चार हात धरले तर २०० ग्रॅम. पूर्ण दारावर ८०० ग्रॅम.

जुन्या रंगात ५,००० पीपीएम शिसं धरू. म्हणजे दारावर ४ ग्रॅम शिसं. रंगाऱ्याने कोरड्या पॉलिश पेपरने घासलं आणि त्यातला फक्त एक टक्का धूळ होऊन खोलीत पसरला, तर ते झाले ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. दहा बाय दहाची खोली म्हणजे १०० चौरस फूट. दर चौरस फुटाला ४०० मायक्रोग्रॅम.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००१ मध्ये जमिनीवरच्या धुळीसाठी धोक्याची रेषा ठरवली होती दर चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅम. २०१९ मध्ये ती १० वर आणली आणि २०२४ मध्ये नियम त्याहून कडक केले. आपलं उत्तर जुन्या रेषेच्या दहापट आणि २०१९ च्या रेषेच्या चाळीसपट आलं. तेही एका दाराचं, एक टक्का धूळ धरून.

आता तेच गणित ९० पीपीएमच्या रंगाने करून बघा. दारावर शिसं ७२ मिलिग्रॅम, एक टक्का धूळ म्हणजे ७२० मायक्रोग्रॅम, दर चौरस फुटाला सात. हा ९० चा आकडा पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

जगाला हे कधी कळलं?

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात १८९२ मध्ये डॉ. टर्नर यांनी लहान मुलांमधली शिशाची विषबाधा नोंदवली. ती येते कुठून, याचा शोध लागायला बारा वर्षं गेली. १९०४ मध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी बोट दाखवलं ते घराच्या व्हरांड्याकडे. उन्हाने कठड्याच्या रंगाची भुकटी होत होती आणि ती मुलांच्या हाताला लागत होती. बीडच्या मे महिन्यात गेटला हात लावून बघा, हाताला पांढरट भुकटी लागते. तोच प्रकार. १९२२ मध्ये तिथल्या क्वीन्सलँड प्रांताने मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी शिशाचा रंग लावायला कायद्याने बंदी केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रंगाऱ्यांसाठी पांढऱ्या शिशाबद्दलचा करार केला होता.

अमेरिकेने घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं. पण बंदीने नवीन डबा थांबला, जुन्या घरांच्या दारावरचा रंग जागच्या जागी राहिला. म्हणून १९९२ मध्ये वेगळा कायदा झाला आणि १९९६ पासून घरमालकांवर तीन साधी कामं आली. घरात शिशाचा रंग असल्याचं माहीत असेल तर ते सांगायचं, सरकारी माहितीपुस्तिका द्यायची आणि कागदावर भाडेकरूची सही घ्यायची. रंग काढून टाकाच, असं हा नियम म्हणत नाही. माहिती लपवू नका, एवढंच म्हणतो. पुढे २००८ मध्ये आणखी एक नियम आला आणि २०१० पासून अशा घरात पैसे घेऊन खरवडण्याचं काम करणाऱ्याला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागू लागलं.

आपल्याकडे काय झालं?

बेंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने १९९७ ते १९९९ या काळात मुंबईसह सात शहरांत रक्ततपासणी केली. बारा वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं सापडलं. त्या काळी धोक्याची रेषा तीच मानत. तेव्हा मुख्य संशय पेट्रोलवर होता. २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्यानंतर मुंबईतल्या ७५४ मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण उतरलं होतं, तरी सुमारे एक तृतीयांश मुलं अजून त्या रेषेच्या वरच होती. म्हणजे पेट्रोल गेलं तरी शिसं दुसरीकडून येतच होतं. जुन्या बॅटऱ्यांचं भंगार, कल्हई, भेसळीचे मसाले अशा त्या वाटा आहेत आणि त्यातलीच एक म्हणजे रंग.

दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २००७ च्या सुमारास बाजारातले ६९ रंग तपासून घेतले. पाण्याच्या ३८ नमुन्यांत शिसं नगण्य. ऑइलपेंटच्या ३१ नमुन्यांपैकी ८४ टक्के मात्र ६०० पीपीएमच्या वर. सगळ्यात जास्त निघालं १,४०,००० पीपीएम, म्हणजे वजनाच्या १४ टक्के! पण त्यातली एक गोष्ट विशेष आहे. सहा नामांकित ब्रँडपैकी एकाच्या ऑइलपेंटमध्ये शिशाचं प्रमाण मोठं नव्हतं. म्हणजे शिशावाचून चांगला रंग बनवता येतो, हे आपल्याच बाजारात तेव्हाच सिद्ध झालं होतं.

शेवटी केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ ला नियम काढले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालणार नाही आणि तसं डब्यावर छापावं लागेल. नियमानंतरही काही छोट्या उत्पादकांच्या डब्यांत जास्त शिसं आढळलेलं आहे. तरीही दुकानात आता निदान वाचायला लेबल आहे.

२०२० मध्ये युनिसेफने जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला. त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली आहेत.

नियम कुठे थांबतो?

२०१६ चा नियम डब्यासाठी आहे. १९८५ किंवा २००५ साली दाराला लावलेल्या रंगाबद्दल तो काही बोलत नाही. शिवाय तो घरगुती रंगापुरता आहे. कारखान्यासाठी आणि यंत्रांसाठी बनवलेला औद्योगिक रंग त्यात येत नाही. म्हणून कारखान्यातून किंवा कंत्राटदाराकडून उरलेला 'कडक' रंग स्वस्तात मिळाला म्हणून खोलीच्या कॉटला मारणं बरं नाही.

घरमालकासाठी महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात दारं-खिडक्या रंगवणं स्पष्टपणे मालकाच्या यादीत टाकलं आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच त्याला जोर येतो.

या दोन्ही ठिकाणी शिशाचं नाव नाही. त्यातून आपल्यापैकी बरेच जण कॉट बेसिसवर, तोंडी बोलीवर राहतात. तेव्हा कलम १४ हातात धरून मालकांशी भांडायला जाऊ नका! सांगायचा मुद्दा इतकाच की डब्यावर कायदा आहे, दारावर नाही. मधली जागा समजुतीने भरून काढायची आहे.

मालकांनी काय करावं?

बहुतेक मालक दिवाळीच्या आधी किंवा जून-जुलैत नवीन ॲडमिशन यायच्या आधी रंग काढतात. हौसेने खोली नवी करतात आणि नेमकं तेव्हाच शिसं मोकळं सुटतं. म्हणून खाली दिलेली काळजी त्या चार दिवसांची आहे.

१. रंग चांगला घट्ट बसला असेल तर खरवडू नका. ओल्या कापडाने पुसा, वाळू द्या आणि वरून नवा हात द्या. जुना थर झाकला गेला की काम झालं.

२. पोपडे सुटले असतील तर तेवढाच भाग घासा, आणि तोही ओला करून. कोरडा पॉलिश पेपर नको, वॉटर पेपर वापरा. शेजारी पाण्याची बादली ठेवा.

३. ब्लो लॅम्पने रंग जाळून काढू देऊ नका. तापलेल्या रंगातून शिशाचा धूर निघतो. मशीनने कोरडं घासणंही तितकंच वाईट.

४. काम चालू असताना लहान मुलं आणि गरोदर बाई त्या भागात नको. शक्य असेल तर चार दिवस नातेवाइकांकडे पाठवा. खोलीतलं सामान बाहेर काढा, पाण्याचे माठ आणि पिंप झाकून दूर ठेवा.

५. खाली प्लास्टिकचा कागद अंथरा. पोपडे त्यातच गुंडाळून पिशवीत बांधा. अंगणात, परसात किंवा विहिरीजवळ झाडून टाकू नका.

६. शेवटी झाडू मारू नका, त्याने धूळ उडते. साबणाच्या पाण्याने ओलं पुसा, पाणी बदला आणि पुन्हा पुसा. खिडकीच्या खाचा विसरू नका.

७. जुनी चौकट किंवा दार काढलं तर ते चुलीत किंवा बंबात जाळू नका. शिसं जळून जात नाही, ते धुरात आणि राखेत उतरतं. त्याच राखेने घरी भांडी घासली जातात.

८. नवीन डबा घेताना ९० पीपीएमचा मजकूर आणि उत्पादनाची तारीख बघा. सुटा, बिनलेबलचा रंग घेऊ नका.

९. रंगाऱ्याला चांगला मास्क द्या. जेवणाआधी हात-तोंड धुवायला सांगा. त्याने कामाचे कपडे घरी नेऊन पोरांच्या कपड्यांत धुऊ नयेत. ही धूळ त्याच्या घरी जाते ती याच वाटेने.

माळवदाच्या जुन्या वाड्यात सागवानी दारांवर थरांवर थर बसलेले असतात. तिथे सगळं खरवडून लाकूड मोकळं करायचा मोह होतो. मूल घरात असताना तो टाळलेलाच बरा.

विद्यार्थ्यांनी काय करावं?

मालकांना शिकवायला गेलो तर कोणालाच आवडत नाही. पण सहज सांगता येतं. "काका, यंदा रंग काढताय ना? रंगाऱ्याला म्हणावं ओलं करून घासा. जुन्या रंगात शिसं असतं, आणि खाली बाळ रांगतंय." एवढं पुरतं. नातवाचं नाव निघालं की कोणतेही काका ऐकतात.

होस्टेलमध्ये पोपडे सुटलेली कॉट किंवा खिडकी दिसली तर रेक्टर सरांकडे लेखी द्या आणि सुट्टीत काम करताना ओलं घासायची विनंती त्यातच लिहा. कंत्राटात ही एक ओळ घातली तर खर्च फारसा वाढत नाही.

रंगात शिसं आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. खात्री करायची तर प्रयोगशाळेत पोपडा आम्लात विरघळवून अणुशोषण यंत्राने मोजतात, किंवा एक्स-रे फ्लुरोसन्सच्या हातातल्या यंत्राने रंग न काढताही मोजता येतं. मिनी प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनी विचार करावा. घरातल्या लहान मुलाबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी. तपासणी रक्ताची असते, केसाची किंवा नखाची नव्हे. मुलाला लोह आणि कॅल्शियम मिळेल असा आहार द्यावा. डाळी, हिरव्या भाज्या, नाचणी, दूध हे आपल्या घरातलंच आहे.

दोन गैरसमज

"इतकी वर्षं रंग लावतोय, कोणाला काही झालं नाही." शिशाचं काम दिसत नाही. शाळेत मागे पडलेल्या पोराला आपण आळशी म्हणतो, तेव्हा दाराकडे बघायचं कोणाच्या डोक्यात येतं?

"जुना रंग आहे, एवढ्या वर्षांत त्याचं विष उतरलं असेल." शिसं मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, विरत नाही, उडून जात नाही. १९७० सालच्या थरातलं शिसं आजही तितकंच आहे.

आपल्यातले काही जण उद्या बांधकाम खात्यात जातील, काही कंत्राटदार होतील, काही गावाकडे स्वतःची चाळ बांधून खोल्या भाड्याने देतील. रंगकामाच्या कागदावर तेव्हा सही आपली असेल. त्या कागदात 'शिसे ९० पीपीएमपेक्षा कमी' आणि 'जुना रंग ओला करूनच घासावा' एवढ्या दोन ओळी आपण लिहिल्या, तर कायद्याने मोकळी सोडलेली जागा निदान आपल्यापुरती तरी भरून निघेल.